दिसते एक, नोंद होते दुसरेच

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव वाचणाऱ्याला एकच दिसते. संगणकात मात्र ते दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. त्यातला अर्धा ‘र’ कोणी युनिकोडमधल्या स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त लावून लिहितो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. अक्षरशः तुलना करणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ही दोन वेगळी आडनावे ठरतात.

रुग्णालयात हा फरक महागात पडू शकतो. समजा, एका रुग्णाची पेनिसिलिनची ॲलर्जी जुन्या नोंदीत आहे. खिडकीवर नाव शोधले, सापडले नाही, म्हणून नवा केसपेपर निघाला. डॉक्टरांसमोर कोरी नोंद येते आणि ॲलर्जी मागेच राहते. उस्मानाबादचे धाराशिव झाले, हा 2023 चा बदल डोळ्यांना दिसतो. त्यामुळे जुन्या-नव्या नोंदींचा मेळ घालता येतो. न दिसणाऱ्या चिन्हाचा मेळ कोण घालणार?

हा दोष केवळ मराठीचा नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षराने आयफोनवरची ॲप बंद पडत होती. देवनागरी आणि बंगालीतल्या काही जोडण्यांनीही तेच घडत असे. ॲपलला तातडीने दुरुस्ती द्यावी लागली. 2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की अदृश्य चिन्हे पेरली तर प्रोग्रामचा मजकूर तपासनीसाला एक दिसतो आणि संगणक दुसरेच काही करतो.

विश्रांतीत ठीक दिसणारा ईसीजी ट्रेडमिलवर चालताना बदलतो, तेव्हा दोष मशीनच्या पट्ट्यावर ढकलून चालत नाही. अडचणीची अक्षरे ही सॉफ्टवेअरची ट्रेडमिल आहे. ती टाळण्यापेक्षा त्यांच्यावरच प्रोग्राम चालवून पाहावा.

सरकारी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर घेताना ‘ळ’, ‘ॲ’, ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ असलेल्या नावांची चाचणी ही खरेदीची अटच असावी. एकसारखी दिसणारी नावे एकच मानण्याचा नियम प्रोग्राममध्ये हवा. तोवर खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनी नाव सापडले नाही, तर मोबाइल क्रमांक आणि 14 अंकी आभा क्रमांकानेही शोधावे. रुग्णांनीही जुना केसपेपर जवळ ठेवावा आणि ॲलर्जी असल्यास ती दर वेळी तोंडी सांगावी. संगणकात नोंद आहे, एवढ्यावर विसंबून राहू नये.