घाबरून ठेवी मोडू नका. या रविवारी घराचा हिशोब मांडा



रुपया आता कागद होणार, बँकेतले पैसे काढा, मिळेल तेवढं सोनं घ्या, वर्षाचा किराणा भरून ठेवा, अशा अर्थाचे निरोप मोबाइलवर पुन्हा फिरू लागले आहेत. लोक ते नुसते वाचत नाहीत, त्याप्रमाणे वागूही लागले आहेत, म्हणून हे तातडीचं आवाहन. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकूंनी मुदतीआधीच ठेव मोडली, व्याजाचं नुकसान सोसलं आणि हाती आलेली रक्कम कुठल्याशा सुवर्ण योजनेत भरली. भाचीने पाठवलेला व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. देश बुडतोय असं सांगणाऱ्या त्या व्हिडिओच्या शेवटी त्याच योजनेचा फोन नंबर होता.

हात जोडून सांगते, थांबा. हे पूर्ण वाचून होईपर्यंत तरी एकही ठेव मोडू नका.

भीती पूर्ण निराधार आहे असं मी म्हणणार नाही. चलन मातीमोल झाल्याची उदाहरणं जगात आहेत आणि ती भयंकर आहेत. जर्मनीत नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. हातात पगार पडला की लोक तडक दुकानाकडे धावत, कारण तासाभरात भाव बदललेला असे. आयुष्यभर काटकसर करून सरकारी रोख्यांत आणि बँकेत पैसे ठेवणारे म्हातारे सगळ्यांत आधी भिकेला लागले. झिम्बाब्वेने जानेवारी 2009 मध्ये 100 लाख कोटी डॉलरची एक नोट काढली, तीही काही आठवड्यांत निकामी ठरली.

पण ही संकटं एका रात्रीत आभाळातून पडली नव्हती. जर्मनीवर पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईचा बोजा होता. जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमने रूरचा औद्योगिक पट्टा ताब्यात घेतला आणि तिथल्या संपकरी कामगारांना पोसायला सरकारने नोटा छापल्या. झिम्बाब्वेत 2000 नंतर शेती कोसळली, निर्यात आटली आणि खड्डा बुजवायला छापखाना चालूच राहिला. बाजारातला माल कमी होत गेला आणि नोटा वाढत गेल्या.

महिन्याला 50 टक्के भाववाढ झाली की अर्थशास्त्रज्ञ तिला अतिमहागाई म्हणतात. त्या वेगाने आज 60 रुपयांना मिळणारं लिटरभर दूध वर्षभराने पावणेआठ हजारांना पडेल. आपल्याकडे एप्रिल 2022 मध्ये किरकोळ महागाईचा दर 7.79 टक्के झाला, तोही महिन्याचा नव्हे, वर्षाचा, आणि तेवढ्यानेच घराघरांत ओढाताण झाली. 1974 मध्ये घाऊक भाव वर्षभरात 25 टक्क्यांहून जास्त चढले होते. त्या काळात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. 1991 मध्ये परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच उरलं आणि रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवावं लागलं. दोन्ही वेळा हाल झाले, पण रुपया मेला नाही. आज आपल्या सरकारचं बहुतेक कर्ज रुपयांत आहे, परकीय चलनाची गंगाजळी 600 अब्ज डॉलरच्या वर आहे आणि सरकारी गोदामांत धान्य आहे.

मग धोका कुठे आहे? शेजारच्या श्रीलंकेकडे पाहा. 2022 मध्ये तिथे परकीय चलन संपलं आणि एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जाची फेड थांबवली. सप्टेंबरमध्ये महागाई 70 टक्क्यांजवळ पोचली, अन्नाची तर 90 टक्क्यांच्या वर गेली. अतिमहागाईच्या व्याख्येत हे बसत नाही, तरीही संसार मोडले. स्वयंपाकाचा गॅस, औषधं, दूध पावडर, पेट्रोल या चार गोष्टींसाठी लोक दिवसदिवस रांगेत उभे राहिले. आपणही खनिज तेलातलं बहुतेक आणि खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली तेव्हा त्याची झळ आपल्या कढईपर्यंत आली. असे झटके पुढेही येतील. तयारी करायची ती त्यांची.

आता जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांवर गेल्या काही वर्षांत जो घाला पडला, तो रुपया बुडाल्याने पडला नाही. आपली बँक अडकल्याने पडला. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त 1,000 रुपये काढता येणार होते. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेतून तर सुरुवातीला काहीच काढता येईना. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार 2013 पासून वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. मुलीचं लग्न, नवऱ्याची शस्त्रक्रिया, मुलाची फी, सगळं एका पासबुकात आणि त्या पासबुकाला कुलूप.

बँकेतल्या ठेवींना विमा असतो, पण तो एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंतच. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे विभागले तरी ती सगळी रक्कम एकच धरली जाते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. सराफाकडच्या मासिक योजनेला नाही, भिशीला तर नाहीच. आणि बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पैसे हातात पडायला कायद्याने 90 दिवसांपर्यंत मुदत आहे. ते 90 दिवस घर कशावर चालणार? म्हणून निदान तीन महिन्यांचा घरखर्च मुख्य बँकेखेरीज दुसऱ्या बँकेत ठेवा. एक सरकारी बँक किंवा पोस्ट असलं तर उत्तम. घरात आठ-दहा दिवसांच्या दूध-भाजी-औषधांपुरती रोख ठेवा, तीही सुट्ट्या नोटांत. लाखोंची रोकड कपाटात ठेवली तर ती महागाईनेही झिजते आणि चोरीलाही जाते.

सोन्याचं म्हणाल तर आपल्या आया-आज्यांनी अडीनडीला बांगडी मोडून घरं सावरली आहेत, हे मी विसरलेले नाही. घरात थोडं सोनं असावं. पण आज घाबरून दागिना घेताना पावती वाचा. समजा सोन्याची किंमत 1 लाख आहे. 12 टक्के घडणावळ म्हणजे 12,000, त्या सगळ्यावर 3 टक्के जीएसटी म्हणजे 3,360. तुम्ही मोजले 1,15,360. तोच दागिना दुसऱ्या दिवशी मोडायला नेलात तर घडणावळ गेली, कर गेला, वर घट धरतील ती वेगळी. घ्यायचंच असेल तर हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक पाहून, पक्क्या पावतीवर आणि शिलकीच्या पैशांतून घ्या. 2019 च्या दिवाळीत ठाणे-डोंबिवलीतल्या एका सराफी पेढीला कुलूप लागलं आणि मासिक हप्ते भरणाऱ्या बायका बंद शटरपुढे उभ्या राहिल्या. जानेवारी 2025 मध्ये दादरला खड्यांच्या दागिन्यांवर आठवड्याला परतावा कबूल करणाऱ्या दुकानापुढे तशीच गर्दी उसळली. लोक घाबरलेले असतात तेव्हा अशा योजनांचा धंदा जोरात चालतो.

एक सल्ला विशेष घातक आहे. कर्ज काढून सोनं किंवा जमीन घ्या, महागाईत कर्ज आपोआप फिटेल, असं सांगितलं जातं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला तेव्हा गृहकर्जांच्या मुदती कशा लांबल्या, ते ज्यांचं कर्ज आहे त्यांना विचारा. महागाई चढली की व्याजही चढतं आणि नोकरी गेली तरी हप्ता चुकत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात व्याज खाते. हाताशी चार पैसे असतील तर आधी ती फेडा. झटपट कर्जाची ॲप मोबाइलमधून आजच काढून टाका.

किराण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दीड-दोन महिन्यांचा साठा प्रत्येक घरात असावा आणि तो सावकाश, दर महिन्याला थोडा जास्त घेऊन करावा. पूर्वी मे महिन्यात अंगणात चादरी पसरून तूरडाळ उन्हात घालत, तिला एरंडेलाचा हात लावत, गव्हाच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकत, आणि पावसाळ्याची बेगमी पूर्ण होई. दोन खोल्यांच्या घरात वर्षाचं धान्य मावत नाही, पण हीच रीत दोन डब्यांपुरती करता येते. तांदूळ, गहू किंवा ज्वारी, तूर, मूग, गूळ, मीठ, शेंगदाणे. तेल मात्र वर्षाचं भरू नका, खवट होतं. गॅसचा दुसरा सिलिंडर रिकामा पडू देऊ नका. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या जास्त असू द्या, चिठ्ठीवर आणि तारीख बघून.

पण झुंबड करू नका. नोव्हेंबर 2016 मध्ये मीठ संपल्याची अफवा उठली आणि उत्तर भारतात काही ठिकाणी किलोला 200 रुपये आणि त्याहून जास्त भावाने मीठ विकलं गेलं. देशात मिठाची टंचाई नव्हतीच. आपण दहा किलो डाळ जास्तीची उचलली की दुकानदार भाव चढवतो आणि रोजंदारीवर पाव किलो डाळ घेणारी बाई रिकाम्या हाताने परत जाते. 2015 मध्ये तूरडाळ 200 रुपयांवर गेली तेव्हा हे पाहिलं आहे. त्यापेक्षा पाच-दहा घरांनी मिळून घाऊक खरेदी करा. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हेच करते आहे. कुटुंबांचे गट महिन्याचा माल एकत्र घेतात आणि आपसांत वाटून घेतात. तुमच्या मजल्यावर असा गट उद्यासुद्धा सुरू होऊ शकतो.

शिधापत्रिका असलेल्यांनी ई-केवायसी झालं आहे का, सुनेचं आणि नातवंडांचं नाव चढलं आहे का, हे याच आठवड्यात पाहा. प्राधान्य गटाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य हा कायद्याने दिलेला हक्क आहे. दुकानदार कमी देत असेल तर पावती मागा, तहसील कार्यालयात लेखी तक्रार करा. बँक खात्यातून वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचा आयुर्विमा आणि 20 रुपयांत अपघात विमा मिळतो. मे अखेरीस हप्ता कापला जातो, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा. कमावत्या माणसाचं आजारपण आणि मृत्यू यांनी जितकी घरं बुडवली तितकी कुठल्याही नोटेने बुडवली नाहीत.

तेव्हा या रविवारी टीव्ही बंद ठेवून सगळे एकत्र बसा, मुलांनाही घ्या. एका वहीत लिहा: कुठल्या बँकेत, पतसंस्थेत किती आहे, 5 लाखांच्या वर कुठे गेलं आहे, वारसाचं नाव लागलंय का, कुणाचं किती देणं आहे, कुठल्या व्याजाने. वहीची जागा घरातल्या निदान दोघांना माहीत असू द्या. आणि तुमच्या इमारतीत, वाडीत, आळीत एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे जा. भीतीचे निरोप त्यांनाही येतात आणि विचारायला जवळ कुणी नसतं. पासबुकं त्यांच्या हातातच राहू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसून वाचून दाखवा. कुणी ऑनलाइन फसवून पैसे उकळले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लावून द्या. वारसाचं नाव लागलेलं नसेल तर सोमवारी सकाळी त्यांना सोबत घेऊन बँकेत चला.