लघवी होते, म्हणजे किडनी ठीक?

शरीरातील दोन्ही किडन्या रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून जेमतेम दीड लिटर लघवी तयार होते. हे काम दोन प्रकारांनी बिघडते.

पहिला प्रकार अचानक होणारा. जोराचे जुलाब-उलट्या, बाळंतपणातील अतिरक्तस्राव, सर्पदंश किंवा मलेरिया यांमुळे काही तासांत वा दिवसांत किडनी काम सोडते. लघवी एकदम कमी होते, अंगावर सूज येते, धाप लागते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ घालवू नये. लगेच इस्पितळ गाठले तर पुष्कळदा किडनी पूर्ववत होते. काहींना तोवर थोडे दिवस डायलिसिस लागते.

दुसरा प्रकार वर्षानुवर्षे गुपचूप वाढणारा. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची मुख्य कारणे. रोग्याला लघवी नेहमीसारखी होत असते, म्हणून शंकाही येत नाही. थकवा, मळमळ, पायांवर सूज दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते आणि ते सहसा भरून येत नाही. शेवटी कायमचे डायलिसिस किंवा किडनीरोपण एवढाच मार्ग उरतो.

म्हणूनच मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवावा. गुडघेदुखीवर मनाने वेदनाशामक गोळ्या घेत राहू नये. वेळीच कळले तर किडनीची उरलेली ताकद अनेक वर्षे टिकवता येते.