जरा हलू नका



वसंत पंचमी होऊन गेली की हवा दोन्ही ऋतूंशी संधान बांधून असते. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी बाराच्या सुमारास सावली शोधावी लागते. आंब्याला मोहोर आलेला असतो, पळस फुलू लागलेला असतो आणि घरात लग्नपत्रिका येऊन पडत असतात. या पंधरवड्यात अशाच एका लहानशा लग्नाविषयी आणि तेथे मी काढलेल्या छायाचित्रांविषयी लिहितो आहे. आरोग्याच्या सदरात छायाचित्रणाचे काय काम, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले असते. परंतु त्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर मी जे पाहिले, ते माझ्या रुग्णांच्या घरच्यांनी वेळीच जाणून घ्यावे असे मला वाटते.

लग्न माझ्या पुतणीचे. वाईजवळच्या गावी, जुन्या घराच्या अंगणात, जेमतेम साठ माणसांत ठरलेले. वधूवरांना थाटमाट नको होता आणि धंदेवाईक छायाचित्रकारही नको होता. मला कॅमेऱ्याची हौस आहे हे घरात सर्वांना ठाऊक. "काका, फोटो तुम्हीच काढायचे," असा पुतणीने हुकूम सोडला आणि मी तो आनंदाने झेलला.

माझी आत्या ब्याऐंशी वर्षांची. रक्तदाबाची गोळी आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी ती बरीच वर्षे घेते. "अक्षता पडल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही," असे तिने आदल्या रात्रीच जाहीर केले होते. सकाळी दोन्ही गोळ्या तिने अर्ध्या कपभर चहाबरोबर घेतल्या. पाणीही बेतानेच प्यायली. कारण शौचालय परसात होते आणि नऊवारी नेसून तेथवर वारंवार जाणे तिला नको होते. हे सारे मला नंतर कळले. डॉक्टर असूनही मी आधी विचारले नाही. सकाळपासून माझे लक्ष उजेडाकडे होते.

मुहूर्त दुपारी बारानंतरचा. मंगलाष्टके वीस मिनिटे चालली आणि आत्या हातात अक्षता घेऊन ती सारी वेळ उभी होती. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली आणि मी लगेच घरच्यांना ओळीने उभे केले. आत्या खुर्ची शोधू लागली तेव्हा मीच म्हणालो, "आत्या, बसू नकोस, उभी राहिलीस तर साडीचे काठ छान दिसतील." तिने ऐकले. मग कोणी डोळे मिटले, कोणाची मुंडावळी तिरकी झाली, एक लहान मूल मध्येच पळाले. "जरा हलू नका" असे मी किमान चार वेळा तरी म्हणालो असेन. पाचव्यांदा म्हणण्यापूर्वी आत्या माझ्या वहिनीच्या अंगावर कोसळली.

सुदैवाने वहिनीने तिला सावरले आणि हाड मोडले नाही. आम्ही तिला सतरंजीवर आडवे केले, पायांखाली लोड सरकवला, भोवतीची गर्दी हटवली. मिनिटाभरात ती शुद्धीवर आली. रक्तदाब 90/60 भरला. साखर मात्र ठीक होती. अर्ध्या तासाने ती भिंतीला टेकून बसली आणि थोडे खाऊन घेतल्यावर तिने मला विचारले, "अरे, त्या फोटोत मी आले का?"

ती आली होती, आणि खरी गोष्ट येथूनच सुरू होते. तिसऱ्या दिवशी मी ती छायाचित्रे एकामागून एक पाहत होतो. पहिल्या छायाचित्रात आत्या हसते आहे. दुसऱ्यात तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला आहे. तिसऱ्यात ती जांभई देते आहे. चौथ्यात तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आहेत आणि हाताने वहिनीचा दंड घट्ट धरला आहे. पाचव्यात तिची नजर कॅमेऱ्याकडे नाही. ती उजवीकडे, रिकाम्या खुर्चीकडे पाहते आहे. एरवी अशी छायाचित्रे आपण "खराब आली" म्हणून पुसून टाकतो. माझ्या कॅमेऱ्याने चक्कर येण्यापूर्वीची सारी लक्षणे क्रमवार टिपली होती. ती पाहणारा वैद्य मात्र त्या वेळी जागेवर नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मांडवाचे कापड गुलाबी होते. त्यातून गाळून आलेल्या उजेडात सर्वांचेच चेहरे टवटवीत दिसत होते. आत्याचा चेहरा पांढरा पडला असणार. पण त्या रंगाने ते झाकून टाकले. म्हणून रंगीत मांडवाखाली केवळ चेहऱ्याच्या रंगावरून वृद्धांच्या प्रकृतीचा अंदाज बांधू नका. त्यांचा हात हातात घ्या. तो गार आणि ओलसर लागला, तर तेवढी खूण पुरेशी आहे.

हे का घडते, ते थोडक्यात सांगतो. आपण उभे राहिलो की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. तरुण शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळते, नाडी थोडी वाढवते आणि मेंदूचा पुरवठा सांभाळते. वय वाढले की ही यंत्रणा मंदावते. रक्तदाबाची काही औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे तिला आणखी शिथिल करतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर त्याची दखल घ्यावीच लागते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात. निश्चल उभे राहिले की हा पंप थांबतो. म्हणजे छायाचित्रकाराचे "हलू नका" हे वाक्य वृद्धांच्या बाबतीत नेमके उलटे आहे. उभे राहणे टळतच नसेल, तर त्यांना पायांची बोटे हलवू द्या, टाचा उचलू द्या, पोटऱ्या आवळू द्या. छायाचित्र थोडे हलले तरी चालेल.

यंदा तुमच्या घरी कार्य असेल, तर एक क्रम बदला. वडीलधाऱ्यांची छायाचित्रे सर्वांत आधी काढा. सकाळी नऊच्या सुमारास, न्याहारी आणि औषधे झाल्यावर, कोवळा उजेड असताना. त्या वेळी गारवा असतो, तेव्हा खांद्यावर शाल असू द्या. ती छायाचित्रातही शोभते. हात असलेली, न डगमगणारी खुर्ची सावलीत ठेवा आणि वधूवरांना तिच्यापाशी आणा. आजीआजोबांना व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लावू नका. मानाने बसलेल्या आजीभोवती सारे कुटुंब उभे आहे, याहून चांगली मांडणी कोणत्या छायाचित्रकाराला सुचणार?

न्याहारीचा उल्लेख मुद्दाम केला. मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहणे धोक्याचे आहे. मुहूर्त लांबतो, गुरुजींना उशीर होतो. घेतलेले औषध मात्र आपले काम वेळेवर करते. ज्यांना अक्षता पडेपर्यंत उपास करायचाच आहे, त्यांनी आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाच्या मात्रा ठरवून घ्याव्यात. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. थरथर, घाम, गोंधळलेले बोलणे अशी लक्षणे दिसली आणि साखर 70 च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. यंत्र जवळ नसेल तर तपासणीसाठी थांबू नका, साखर द्या. मात्र माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

पाण्याविषयी तर हात जोडून सांगतो. वृद्ध माणसे लग्नघरी पाणी पीत नाहीत, याचे कारण बहुधा तहान नसून शौचालयाची अडचण हे असते. तेव्हा आदल्या दिवशी वाट पाहून ठेवा, दिवा लागतो का ते तपासा आणि सोबतीला एक नातवंड नेमून द्या.

पंगत उठल्यावरचा तास-दोन तासही जपण्याचा आहे. जेवणानंतर रक्ताचा ओघ आतड्यांकडे वळतो आणि अनेक वृद्धांचा रक्तदाब त्या वेळी उतरतो. श्रीखंडपुरीच्या जेवणावर लगेच "आता सगळे एकदा उभे राहा" असे म्हणणे टाळा.

फ्लॅशविषयी पुष्कळजण विचारतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना नेहमीच्या अंतरावरून मारलेल्या फ्लॅशने इजा होत नाही. पण झगमगाटानंतर काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते आणि उतारवयात नजर सावरायला अधिक वेळ लागतो. म्हणून आजोबा पायरी उतरत असताना, उंबरठा ओलांडत असताना फ्लॅश उडवू नका.

घरात स्मृतिभ्रंशाचे कोणी असेल, तर त्यांच्या शेजारी त्यांच्या रोजच्या सहवासातले माणूस बसवा. "ओळखलेस का मला?" अशी परीक्षा घेऊ नका, आपणच नाव आणि नाते सांगावे. चेहऱ्यावर कंटाळा किंवा भीती दिसली की कॅमेरा खाली ठेवा आणि त्यांना शांत खोलीत न्या.

कोणी कोसळलेच, तर त्याला उभे धरून ठेवू नका, खुर्चीवरही बसवू नका. जमिनीवर आडवे करून पाय थोडे उंच करा. एक-दोन मिनिटांत पूर्ण शुद्ध आली नाही, छातीत दुखले, दम लागला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एक हात-पाय लुळा पडला, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर वरवर बरे दिसले तरी रुग्णालयात न्या. आणि बरे वाटले म्हणून प्रकरण मिटले असे समजू नका. आत्याला मी दुसऱ्याच दिवशी तिच्या डॉक्टरांकडे नेले. उभ्याने व आडव्याने रक्तदाब मोजून त्यांनी लघवीच्या गोळीची मात्रा कमी केली. त्या लग्नात ती पडली नसती, तर कदाचित एखाद्या रात्री न्हाणीघरात पडली असती.

आता शेवटचे. शंभर छायाचित्रे भ्रमणध्वनीत साठवून ठेवल्याने घरातल्या वृद्धांना काही मिळत नाही. त्यांतली दहा-बारा निवडा, न चकाकणाऱ्या कागदावर मोठ्या आकारात छापून घ्या, पानावर एकच लावा आणि खाली ठळक अक्षरांत नावे लिहा. दुपारच्या वेळी त्यांच्याजवळ बसून ती पाहा. त्या गप्पांत तुम्हांला त्यांची नजर, त्यांचे ऐकणे आणि त्यांची स्मृती यांचीही वार्ता आपोआप लागेल.

आत्यासाठी मी अशी वही केली. त्यात तिचे जांभईचे छायाचित्रही लावले. "हे कशाला?" म्हणून ती रागावली, मग हसू लागली. पुढच्या महिन्यात आमच्याकडे आणखी एक लग्न आहे. कॅमेरा माझ्याकडेच आहे. परंतु या वेळी कॅमेरा हाती नसलेल्या एका भाच्याला मी आत्याच्या शेजारी बसवणार आहे. त्याचे काम एवढेच, की दिवसभर तिच्याकडे पाहत राहायचे. तुमच्या घरच्या कार्यातही हे काम कोणाचे, हे पत्रिका छापण्यापूर्वीच ठरवून टाका.