लाइट ड्युटी मेहेरबानी नव्हे, प्रतिनिधीला कायदा शिकवा

मरोळ, मागाठाणे, घाटकोपर, मुलुंड. मुंबई उपनगरातल्या कोणत्याही बस आगारात चालकाची नजर अधू झाली किंवा अपघातात पाय निकामी झाला, की तो आधी युनियनच्या प्रतिनिधीला गाठतो. त्या भेटीत मिळालेल्या सल्ल्यावर नोकरी राहते किंवा जाते. म्हणून दिव्यांग कामगाराचे हक्क आणि सभासदाची बाजू मांडण्याची रीत हे दोन्ही विषय प्रत्येक प्रतिनिधीला शिकवलेच पाहिजेत. यावर तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप असा की हे वकिलाचे काम आहे. पण वकील हाती आलेल्या कागदांवर लढतो आणि कागद आगारात तयार होतात. घाबरलेल्या माणसाने राजीनाम्यावर सही केली, की निष्णात वकिलाचीही वाट अवघड होते. शिवाय महाराष्ट्राच्या 1971च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यता नसलेल्या युनियनलाही खात्यांतर्गत चौकशीत सभासदाची बाजू मांडण्याचा हक्क दिला. चौकशीच्या खोलीत बसण्याचा हक्क मिळवायचा आणि तिथे रिकाम्या डोक्याने माणूस पाठवायचा, हा सभासदाशी द्रोह आहे.

दुसरा आक्षेप म्हणतो, लाइट ड्युटी, म्हणजे हलके काम, ही साहेबांची मर्जी. एकाला दिली की बाकीचे रुसतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 वाचा. सरकारी वा पालिकेच्या आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, त्याचा हुद्दाही उतरवता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदावर ठेवायचे. यात मर्जीला जागा कुठे आहे? सहकारी रुसतात ते वशिल्यावर. नियम लेखी आणि सर्वांना ठाऊक असला की संशयही मिटतो. रविवारची सुट्टीसुद्धा मालकाची कृपा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने ती 1890 मध्ये मिळवली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पगार आणि कंत्राटीकरण पेटलेले असताना एकट्यादुकट्याचे प्रश्न कशाला? ऑगस्ट 2023 मध्ये भाडेतत्त्वावरील बसचालकांचा पगारासाठीचा संप घाटकोपर-मुलुंडच्या आगारांतूनच पेटला, हे खरे. पण एकट्याचा प्रश्न आणि सामूहिक लढा वेगळे नाहीत. तेलंगणच्या परिवहन महामंडळाने रंगांधळेपणामुळे घरी बसवलेल्या चालकाला पर्यायी नोकरी द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला. त्या निकालाचा मोठा आधार होता 1979 साली युनियनने केलेल्या करारातले एक कलम. वाटाघाटीला बसलेल्या माणसांनी ते एक कलम लिहून घेतले आणि दशकांनंतर एका घराची चूल पेटती राहिली.

कंत्राटी चालकाला तर याची जास्त गरज आहे. कलम 20चे हे संरक्षण खासगी कंत्राटदाराला थेट लागू नाही. कलम 21 प्रमाणे त्याने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, पण ते मागायचे असते हेच प्रतिनिधीला माहीत नसेल तर मागणार कोण?

शिकवायचे काय, तेही स्पष्ट आहे. वैद्यकीय अहवालाची प्रत मिळेपर्यंत कशावरही सही नाही. पर्यायी कामाची मागणी लेखी करायची आणि पोच घ्यायची. आगारातल्या कोणत्या जागा सभासदाला झेपतील याची यादी प्रतिनिधीने स्वतः पुढे ठेवायची. चौकशीत प्रत्येक हरकत इतिवृत्तात नोंदवून घ्यायची. सभासदाच्या आजाराची वाच्यता चहाच्या टपरीवर करायची नाही. पुढच्या करारात पर्यायी कामाचे कलम घालायचे.

शिकण्यासाठी दूर जायला नको. कामगार शिक्षणासाठी 1970 साली स्थापन झालेली राष्ट्रीय पातळीवरची संस्था मुंबईतच आहे. सभासदांनो, वर्गणी तुमची आहे. येत्या वार्षिक सभेत ठराव मांडा: प्रशिक्षण घेतल्याशिवाय कोणीही प्रतिनिधी होणार नाही.