रोग रेड्याला, औषध पखालीला

१४ फेब्रुवारी २०२६ चा दिवस उजाडला तेव्हा अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याला मंजूर झालेला पैसा संपलेला होता. तरी विमानतळांवरचे तपासनीस कामावर हजर होते. निळा सदरा, हातात पातळ मोजे, समोरून सरकत जाणारे करडे ट्रे. लॅपटॉप वेगळा काढा, बाटलीतले पाणी ओता, हात वर करून उभे राहा. पाळी संपेपर्यंत हेच सांगायचे आणि पुढच्या प्रवाशाकडे वळायचे. कायदा या माणसांना अत्यावश्यक ठरवतो, म्हणून त्यांना घरी बसता येत नव्हते. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या कायदेमंडळाने, मंजूर न केलेला पैसा तिजोरीतून काढायचा नाही, असेही कायदाच सांगतो, म्हणून त्यांना पगार मिळत नव्हता. आणि ज्या कारणावरून हे सारे अडले, त्याच्याशी या तपासनिसांचा काडीचाही संबंध नव्हता.

कारण होते आयसीई, म्हणजे परदेशी नागरिकांना पकडून परत पाठवणारी याच खात्याची दुसरी शाखा. त्याच वर्षी जानेवारीत मिनिआपोलिस शहरात अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मोहिमेदरम्यान केंद्रीय अधिकाऱ्यांच्या जीवघेण्या गोळीबाराच्या दोन घटना घडल्या. एक ७ तारखेला, दुसरी २४ तारखेला. दोन्ही वेळा जीव गेला तो अमेरिकी नागरिकाचा. त्यानंतर सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक सदस्यांनी भूमिका घेतली की नियम बदलल्याशिवाय या खात्याला पैसे मिळणार नाहीत. अधिकाऱ्यांनी तोंडावर बुरखा घेऊ नये, अंगावर ओळखपट्टी आणि कॅमेरा असावा, खासगी घरात शिरायचे तर न्यायाधीशाचे वॉरंट हवे, शाळा, दवाखाने आणि प्रार्थनास्थळे यांच्या आसपास धरपकड नको, बळाचा वापर झाला तर चौकशी स्वतंत्र यंत्रणेने करावी. रिपब्लिकन पक्षाचे उत्तर असे, की अधिकाऱ्यांची नावे, पत्ते उघड करून त्यांच्या कुटुंबांना धमकावले जाते म्हणून चेहरा झाकावा लागतो. आणि कितीतरी शहरांतले स्थानिक प्रशासन सहकार्यच करत नाही म्हणून रस्त्यावर उतरावे लागते.

अधिकाऱ्याच्या कुटुंबाला धमकी देणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हा म्हणूनच हाताळला पाहिजे. पण त्यावरचा उपाय सरकारने चेहरा लपवणे हा नव्हे. नागरिकाचा हात धरून त्याला गाडीत घालण्याचा अधिकार ज्याला दिला आहे, तो माणूस कोण हे त्या नागरिकाला कळलेच पाहिजे. नाव नसलेल्या माणसाविरुद्ध तक्रार कोणाकडे आणि कशी करायची?

वॉरंटचे प्रकरण तर आणखी साधे आहे. आयसीईचा माणूस दार ठोठावतो आणि एक कागद दाखवतो. वर सरकारी मुद्रा, मध्ये नाव, खाली सही. घाबरलेला माणूस मुद्रा पाहतो आणि दार उघडतो. बघायची असते ती खालची सही. बहुतेक वेळा ती न्यायाधीशाची नसते, खात्याच्याच अधिकाऱ्याची असते. म्हणजे पकडायला आलेला आणि पकडण्याची परवानगी देणारा, दोघे एकाच कचेरीतले. अशा कागदाच्या बळावर घरमालकाच्या संमतीशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, असा आजवरचा प्रघात होता. त्याच्यामागे १७९१ पासून राज्यघटनेचा भाग असलेली चौथी घटनादुरुस्ती उभी आहे. परंतु हद्दपारीचा अंतिम आदेश निघालेला असेल तर एवढ्या कागदावरही घरात शिरता येईल, अशी भूमिका मे २०२५ मधल्या आयसीईच्या एका अंतर्गत टिपणात घेतली गेल्याचे जानेवारी २०२६ मध्ये उघड झाले. तेव्हा न्यायाधीशाच्या सहीची मागणी करणारे काही जगावेगळे मागत नाहीत. घटनेत जे लिहिले आहे ते पाळा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. ते आम्हाला पूर्णपणे मान्य आहे.

मागणी रास्त आहे, पण ज्या हत्याराने ती पुढे रेटली जाते ते भलत्यालाच लागते. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या अवाढव्य कायद्याने आयसीईला सुमारे ७५ अब्ज डॉलर एकरकमी देऊन टाकले. त्यातले ४५ अब्ज स्थानबद्धता केंद्रांसाठी, बाकीचे मुख्यतः भरती आणि धरपकडीसाठी. या संस्थेचे वर्षाचे अंदाजपत्रक त्याआधी १० अब्जांच्या आसपास असे. नवी रक्कम सप्टेंबर २०२९ अखेरपर्यंत वापरता येते. म्हणजे वार्षिक निधी अडवला तरी आयसीईची गाडी थांबत नाही. याचा पडताळा २०२५ च्या शरद ऋतूतच आला होता. आरोग्यविम्याच्या अनुदानावरून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकारी कामकाज बंद पडले. त्या काळात आयसीईच्या अधिकाऱ्यांचे पगार या कायद्यातल्या पैशांतून झाले आणि विमानतळावरच्या तपासनिसांचे रखडले. ज्याच्यावर वचक बसवायचा त्याच्या घरी पगार पोचतो आणि ज्याचा दोष नाही त्याची चूल अडते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हे.

या विसंगतीचे मूळ मतांच्या हिशेबात आहे. जुलैचा तो कायदा अर्थसंकल्पी विधेयकांसाठीच्या ‘रिकन्सिलिएशन’ या खास मार्गाने आला, त्याला सिनेटमध्ये साधे बहुमत पुरले. ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांच्या एका मताने तो निघाला. त्या पैशाला शिस्त लावणारे नियम करायचे तर मात्र १०० पैकी ६० मते जमवावी लागतात. पैसा एका मताच्या फरकाने मिळतो आणि नियमांना दहा मते जास्त लागतात, अशी व्यवस्था असेल तर पैसा पुढे धावणार आणि नियम मागे राहणार. मग ज्यांच्याकडे दुसरे साधन उरत नाही ते वार्षिक निधीच्या विधेयकाला लोंबकळतात. ही त्यांची अगतिकता समजते. समर्थनीय मात्र वाटत नाही.

कारण हा मार्ग दोन्ही पक्षांनी चोखाळून झाला आहे आणि दर वेळी पदरी निराशाच आली आहे. ओबामांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये लाखो स्थलांतरितांना हद्दपारीपासून संरक्षण देणारा आदेश काढला, तेव्हा रिपब्लिकनांनी याच खात्याचा निधी रोखून धरला. मार्च २०१५ मध्ये कोणत्याही अटीविना तो मंजूर करावा लागला. जानेवारी २०१८ मध्ये लहानपणी अमेरिकेत आणल्या गेलेल्या तरुणांच्या प्रश्नावर डेमोक्रॅट अडून बसले. तीन दिवसांत सरकार पुन्हा सुरू झाले, तरुणांच्या हाती काही लागले नाही. त्याच वर्षाच्या शेवटी ट्रम्प यांनी सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर मागितले आणि २२ डिसेंबरपासून ३५ दिवस सरकारचा मोठा भाग बंद राहिला. सुमारे आठ लाख कर्मचारी बिनपगारी झाले. १५ जानेवारी २०१९ रोजी तटरक्षक दलाचा पगार चुकला. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणारी ही माणसेही याच अंतर्गत सुरक्षा खात्याची. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउस आणि संसद भवन यांना जोडणाऱ्या रस्त्यावर शेफ होझे आंद्रेस यांच्या संस्थेने मोफत स्वयंपाकघर उघडले आणि गळ्यात सरकारी ओळखपत्र अडकवलेली माणसे तिथे जेवणाच्या रांगेत उभी राहिली. शेवटी २५ जानेवारीला हवाई वाहतूक नियंत्रक पुरेसे हजर नाहीत म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमाने रोखावी लागली आणि त्याच दिवशी तडजोड झाली. भिंतीसाठी पुढे मिळाले ते १.३७५ अब्ज.

सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे स्थलांतराचे कायदे कडक राबवायचे म्हणून पुकारलेल्या त्या बंदने ते कायदे राबवणारी यंत्रणाच ठप्प केली. स्थानबद्ध नसलेल्यांचे खटले चालवणारी स्थलांतर न्यायालये बंद पडली आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत चाळीस हजारांहून जास्त सुनावण्या रद्द झाल्या. नोकरीवर घेताना माणसाला कामाचा परवाना आहे की नाही हे तपासण्याची ई-व्हेरिफाय ही संगणकीय सोयसुद्धा बंद होती. ज्याला आश्रय मिळायला हवा होता तो वर्षानुवर्षे लटकला आणि ज्याला परत जायला हवे होते त्याचाही निकाल पुढे गेला. ज्यांना कडक अंमल हवा आहे त्यांनी आणि ज्यांना माणुसकीचा अंमल हवा आहे त्यांनीही या गोष्टीचा विचार करावा.

आपल्याकडे अर्थसंकल्पावर कपात सूचना येतात, अंदाजपत्रक वेळेत संमत होणार नसेल तर लेखानुदान घेतले जाते. लोकसभेने खर्चाच्या मागण्याच फेटाळल्या तर सरकार जाते आणि नवे येते. शिपायाचा पगार त्यासाठी थांबत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची मुदत ठरलेली असल्यामुळे सरकार जागेवर राहते, पैसा थांबतो. पण त्यासाठी कचेऱ्यांना कुलूप लागावे, हा काही घटनेने घालून दिलेला नियम नाही. १९८० पर्यंत निधी लांबला तरी कचेऱ्या बहुतांशी चालू राहत. त्या वर्षी महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १८८४ पासून चालत आलेल्या कायद्याचा कठोर अर्थ लावला आणि तेव्हापासून कुलूप लागू लागले. एका अभिप्रायाने लागलेले कुलूप एका कायद्याने काढता येईल.

हे भांडण सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देण्यासारखे नाही. २०२५ च्या शरद ऋतूतल्या बंदमध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याचा परदेशी मनुष्यबळाचा विभाग बंद झाला. एच-वन-बी व्हिसाच्या अर्जासाठी लागणारे त्या विभागाचे प्रमाणपत्र कित्येक आठवडे मिळेना. पुणे, मुंबई, नागपूरहून तिकडे गेलेल्या आणि नोकरी बदलण्याच्या बेतात असलेल्या कितीतरी घरांचा त्यामुळे श्वास अडकला. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना, त्यांतल्या अनेकांना बेड्या घालून, अमृतसरला आणून सोडले, त्यांत तिघे महाराष्ट्राचे होते. त्यांनी कायदा मोडला असेल. परत पाठवणे अमेरिकेच्या अधिकारात आहे. बायकामुलांना विमानात बांधत नाहीत, पण पुरुषांना बांधून आणण्याची पद्धत २०१२ पासून आहे, असे आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. अशा पद्धती खात्याच्या टिपणांत जन्मतात आणि तिथेच राहतात. लोकप्रतिनिधींनी त्यावर खुली चर्चा करून मत दिलेले नसते.

नेमके तेच व्हायला हवे. बुरखा, ओळखपट्टी, वॉरंट यांचे नियम निधीच्या विधेयकाला टाचणीने टोचण्याची बाब नव्हे. त्यांचे स्वतंत्र विधेयक आणा, प्रत्येक सदस्याला नावानिशी मत द्यायला लावा. निधी लांबला तर मागील वर्षाच्या दराने पगार आपोआप चालू राहतील असा कायदा करा. आणि चार वर्षांचे पैसे एकदम देऊन हात झटकण्याऐवजी आयसीईला दर वर्षी प्रतिनिधींसमोर येऊन हिशेब देऊ द्या. एकहाती सत्तेचे पर्व संपल्यावर हे प्रत्येक पक्षाला हवेसे वाटेल. सत्ता हाती असताना केले तर ते टिकेल. दोन्ही पक्षांना एकत्र येता येत नाही असेही नाही. जून २०१३ मध्ये सिनेटने स्थलांतराचे सर्वंकष विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले होते. प्रतिनिधिगृहाने ते मतालाच टाकले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून घडवलेले सीमाविधेयक पुरेशा मतांअभावी पडले. निवडणुकीच्या वर्षात प्रश्न सुटण्यापेक्षा तो धगधगता ठेवणे अनेकांना सोयीचे वाटले.

अमेरिकेचे कायदेमंडळ आपली सही द्यायचे टाळते, म्हणून दारावरच्या कागदावर आयसीईच्या अधिकाऱ्याची सही चालते. आणि तिकडे विमानतळावर एक माणूस पगाराशिवाय आणखी एक ट्रे पुढे सरकवत होता. नियम करण्याचे काम ज्यांना निवडून देऊन सोपवले आहे त्यांनी ते करावे. त्याची किंमत त्या माणसाकडून वसूल करू नये.