नऊपट वजनाचा वैमानिक

एसटी घाटात वळली की आपण शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतो ना? आणि एसटीचा वेग तो केवढा! लढाऊ विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने गर्रकन वळतं, तेव्हा आतल्या वैमानिकाचं काय होत असेल?

विमान कुशीवर होऊन वळतं, त्यामुळे तो कलंडत नाही, खुर्चीत दाबला जातो. जणू त्याचं वजनच वाढतं! हे ओझं 'जी' या मापात मोजतात. जमिनीवर आपण सगळे १ जीवर असतो. सुखोई-३० विमान ९ जीपर्यंतचं वळण घेऊ शकतं. म्हणजे ३० किलोचा मुलगा तिथे २७० किलोचा! ४ किलोचं दप्तर ३६ किलोचं. (तुमचं दप्तर खरोखर किती किलोचं आहे, हे पालकांनी एकदा काट्यावर बघावंच.)

पण खरी पंचाईत रक्ताची. तेही जड होऊन डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं. आधी रंग फिके दिसतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख आणि शेवटी शुद्धच हरपते. ती यायला १५ सेकंद लागली, तर विमान तेवढ्यात ३ किलोमीटरच्याही पुढे गेलेलं असतं आणि चालवायला कुणी नाही! असे अपघात झालेले आहेत, तेही शत्रू समोर नसताना.

म्हणून वैमानिक जी-सूट घालतात. त्यातल्या हवेच्या पिशव्या वळताना आपोआप फुगतात आणि पोट, मांड्या, पोटऱ्या आवळतात. डॉक्टर रक्तदाब बघताना दंडावर पट्टा फुगवतात ना, तसंच. पण तेवढ्यानं भागत नाही. वैमानिकाला स्वतःही पाय आणि पोट ताठ करून श्वास कोंडावा लागतो, दर तीन सेकंदांनी झटकन सोडून पुन्हा घ्यावा लागतो. हे करता करता शत्रूवर नजर ठेवायची आणि रेडिओवर बोलायचं! (घरी मात्र करून बघायचं नाही हं.)

याचा सराव बंगळूरला हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये होतो. लांबलचक भुजेच्या टोकाला एक खोली, तीत वैमानिक, आणि भुजा गरागरा फिरते. जत्रेतल्या पाळण्याचा थोरला भाऊच म्हणा ना!

आणि हे एकदा शिकून संपत नाही. काही आठवडे उड्डाण चुकलं, तरी अनुभवी वैमानिकाचीही सहनशक्ती उतरते. मग पुन्हा हलक्या वळणांपासून सुरुवात!