शुगर लिहू नका, बाई

हिंगोलीहून लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जायचं, तर पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि खोटं बोलायची तयारी एवढं गाठीशी असावं लागतं. पहिल्या तिन्हींना पैसे पडतात. चौथी गोष्ट विमा एजंट फुकट शिकवतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मला मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि आमच्या ह्यांच्या हृदयात एक स्टेंट बसलेला आहे. म्हणजे साठी ओलांडलेल्या कुठल्याही दोन मराठी माणसांसारखेच आम्ही दोघं. एजंट माझाच जुना विद्यार्थी. फॉर्मला पेन टेकायच्या आधीच म्हणाला, “बाई, शुगर लिहू नका. सरांचा स्टेंट तर अजिबातच नको. एक तर पैसे वाढतील, नाही तर सरळ नामंजूर करतील.”

“आणि तिकडं काही झालं तर?”

“काही होत नसतं हो, बाई. चार महिन्यांचा तर प्रश्न.”

काही होतच नसेल तर विमा कशाला विकतोस बाबा, असं मी विचारलं. तो हसला. आमच्याकडे ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्यावर मोठ्यांसमोर हसायची पद्धत आहे.

माझा राग त्या पोरावर नाही. तो कमिशनवर जगतो आणि वरच्या टेबलाला जे हवं तेच खाली बोलतो. कोरा, निरोगी फॉर्म गेला की पॉलिसी दोन मिनिटांत मोबाइलवर येते. ना कुणी रक्त तपासतं, ना कुणी जुनी फाइल मागतं. सगळी चौकशी दावा दाखल झाल्यावर सुरू होते. मग मात्र पंधरा वर्षांपूर्वी कळमनुरीच्या एखाद्या दवाखान्यात लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा हुडकून काढली जाते. विकताना आंधळं आणि पैसे द्यायच्या वेळी दुर्बीण लावून बसलेलं हे दुकान आहे. त्यात खोटं बोलणारं गिऱ्हाईक कंपनीला नडत नाही, उलट सोयीचंच पडतं: पैसेही पूर्ण भरतं आणि दावा नाकारायचं कारणही स्वतःच्या सहीनिशी लिहून देतं.

खरं सांगणाऱ्याचं काय होतं, तेही मी पाहिलं. एका कंपनीच्या फॉर्मवर मधुमेहापुढे ‘हो’ दाबलं, तर स्क्रीनवरची किंमतच गायब झाली. ‘आमचा प्रतिनिधी संपर्क साधेल’ असं आलं. प्रतिनिधीला अजून मुहूर्त लागलेला नाही. दुसरी म्हणाली, पॉलिसी देऊ, पण आधीपासूनचे आजार आणि त्यातून उद्भवणारं सगळं वगळून. हप्त्यात मात्र एका रुपयाची सूट नाही. तिसरीनं औदार्य दाखवलं: जुना आजार जिवावर बेतला तर ठरावीक रकमेपर्यंत खर्च देऊ, तोही रोगी स्थिर होईपर्यंतच. छातीतली कळ जिवावरची होती की नुसती घाबरवणारी, हे कोण ठरवणार? ज्याच्या खिशातून पैसे जायचे आहेत तोच.

आता ‘त्यातून उद्भवणारं सगळं’ याकडे जरा नीट बघा. मधुमेहातून काय उद्भवत नाही? हृदय, मूत्रपिंड, डोळे, पायाची न भरणारी जखम, बायकांना वरचेवर होणारा लघवीचा जंतुसंसर्ग. मधुमेह वगळला की माझ्या शरीरात विमा उतरवण्याजोगं फारसं काही उरत नाही. उरतो तो अपघात, हरवलेला पासपोर्ट आणि उशिरा पोचलेली बॅग. वसमतच्या मोंढ्यात कुणी ‘पोतं विकतो, आतली हळद सोडून’ असं म्हणालं तर अडते त्याला संध्याकाळपर्यंत उभं राहू देणार नाहीत. विम्याच्या बाजारात हाच सौदा पाच रंगांच्या माहितीपत्रकावर छापला जातो आणि त्यावर समुद्रकिनारी हसणारं म्हातारं जोडपं असतं. त्या जोडप्याला शुगर नसावी.

हे काही चार-दोन दुर्दैवी माणसांचं गाऱ्हाणं नाही. आयसीएमआरच्या ज्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्या अंदाजानुसार देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि 31 कोटींहून जास्त लोकांना उच्च रक्तदाब. लेकरं परदेशी गेलेल्या वयाच्या आईबापांत हे प्रमाण आणखी चढं असणार, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. प्रवास विम्याचं खरं गिऱ्हाईक हेच आहे. त्याचे पैसे हवेत, त्याचा आजार नको.

एजंटांच्या त्या सल्ल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागून गेला आहे, फक्त तो आमच्या गल्लीत पोचलेला नाही. 2009 मध्ये एक मधुमेही गृहस्थ नात्यातल्या लग्नासाठी अमेरिकेला निघाले. मधुमेह आहे असं त्यांनी फॉर्मवर लिहिलं, तपासणीही करून घेतली आणि युनायटेड इंडिया या सरकारी कंपनीनं त्यांना पॉलिसी दिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले तोच घाम फुटला, रुग्णालयात तीन स्टेंट बसले. कंपनी म्हणाली, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचं तुम्ही सांगितलं नाही, दावा नामंजूर. राष्ट्रीय ग्राहक आयोगानंही कंपनीची बाजू घेतली. अखेर 6 डिसेंबर 2021 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी तो निर्णय फिरवला. ग्राहकानं सांगितलेल्या प्रकृतीचा अंदाज घेऊन एकदा पॉलिसी दिली, की पुढे त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून हात वर करता येणार नाहीत, असं त्यांनी ठणकावलं. बारा वर्षं लागली. पण तो माणूस जिंकला, कारण त्यानं शुगर लिहिली होती. न लिहिणाऱ्याला बारा काय, चोवीस वर्षांनीही काही मिळालं नसतं.

आता कायद्याची गंमत ऐका. विमा कायद्यात 2015 मध्ये ‘आरोग्य विमा व्यवसाय’ म्हणजे काय ते लिहिलं गेलं. त्यात प्रवास संरक्षण नाव घेऊन धरलेलं आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी हा आरोग्य विमाच. मग आयआरडीएआय, म्हणजे आपलं विमा नियामक प्राधिकरण, जुन्या आजाराची व्याख्या करायला बसलं आणि परदेश प्रवासाचा विमा तेवढा त्या व्याख्येच्या बाहेर ठेवून उठलं. 2024 मध्ये याच प्राधिकरणानं जुन्या आजारासाठीचा जास्तीत जास्त प्रतीक्षाकाळ 48 महिन्यांवरून 36 वर आणला. ‘ज्येष्ठांना दिलासा’ असे मथळे छापून आले. घरच्या आरोग्य विम्यात तो दिलासा खरा आहे, नाही म्हणत नाही. पण चार महिन्यांच्या पॉलिसीला छत्तीस महिन्यांची प्रतीक्षा घेऊन मी काय करू? नातू तोवर बालवाडीत जाईल. (प्राधिकरणाचं मुख्यालय हैदराबादला आहे. हिंगोलीचा कारभार 1956 पर्यंत हैदराबादहूनच चालायचा. तिथून इकडचं नीट दिसत नाही, ही तक्रार आमच्या आजोबांचीही होती.)

यावर कंपन्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: कमी मुदतीच्या पॉलिसीत जुना आजार बसवणं धंद्याच्या हिशेबात शक्य नाही. तो हिशेब जुलै 2020 मध्ये कसा बसला, हे कुणी तरी सांगावं. त्या महिन्यात नियामकानं ‘कोरोना कवच’ काढायला लावलं. साडेतीन, साडेसहा आणि साडेनऊ महिन्यांची पॉलिसी. प्रतीक्षा फक्त 15 दिवसांची. आणि कोविडच्या उपचारासोबत रोग्याचा मधुमेह, रक्तदाब, आधीपासूनचा असला तरी, त्याचाही खर्च आत धरलेला. मजकूर एकच आणि आरोग्य विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला तो विकणं भाग. त्याच वर्षी एप्रिलपासून ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसीही अशीच सक्तीनं बाजारात आणली होती. त्यापायी कुठल्या कंपनीनं टाळं लावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सरकारचं उदाहरण तर आणखी ताजं आहे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. म्हणजे जमतं. करायचं असलं की जमतं.

दुसरा मुद्दा थोडा खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर देते. जुने आजार धरले तर लोक उपचार करून घ्यायलाच परदेशी जातील, अशी भीती कंपन्या घालतात. ठरवून केलेलं ऑपरेशन खुशाल वगळा, कोण नको म्हणतंय? हिंगोलीचा माणूस बायपास करायला न्यू जर्सी गाठत नाही. तो नांदेड, संभाजीनगर, फार तर हैदराबाद गाठतो. आम्हाला हवं आहे ते एवढंच, की रात्री दोन वाजता ह्यांच्या छातीत कळ आली तर लेकीनं पहिला फोन रुग्णवाहिकेला करावा, नवऱ्याच्या बँकेला नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांना 1986 च्या कायद्यानुसार आणीबाणीच्या रोग्याला दारातून परत पाठवता येत नाही, हे खरं. बिलही परत पाठवता येत नाही.

ब्रिटनमध्येही विमा कंपन्या धर्मादाय नाहीत. पण तिथल्या वित्तीय नियामकानं एप्रिल 2021 पासून एक साधा नियम लावला: जुन्या आजारापायी एखाद्याला प्रवास विमा नाकारला, तो आजार वगळला किंवा त्यासाठी ठरावीक मर्यादेपलीकडे रक्कम वाढवली, तर अशा रोग्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांची यादी त्याला दाखवायची. आमच्याकडे मात्र नाकारणारी कंपनी कारणसुद्धा मोबाइलवरच्या दीड ओळीत कळवते.

युरोपचा प्रकार आणखी वेगळा. जर्मनी, फ्रान्स वगैरे शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. म्हणून लोक सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतात, तो आकडा छापलेला कागद अर्जाला जोडतात आणि आपण विमा घेतला या समजुतीत विमानात बसतात. कॅनडाच्या आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसाला एका वर्षाचा, एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा लागतो. त्यात स्टेंट सांगितला की रक्कम ऐकून लेकच म्हणतो, ‘आई, मीच येतो दिवाळीला.’ अमेरिका पर्यटक व्हिसासाठी विमा मागत नाही, म्हणून आमच्याकडचे कित्येक जण औंढ्याला जाऊन नागनाथाला दंडवत घालतात आणि त्याच्याच भरवशावर निघतात. प्रस्ताव नामंजूर न करणारा तो एकटाच.

देशातल्या देशात फिरणाऱ्यांचं तरी बरं चाललंय असं समजू नका. रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटासोबत पैशांच्या हिशेबात मिळणारा 10 लाखांचा विमा हा रेल्वे अपघाताचा आहे. हिंगोली डेक्कन स्टेशनवर चढताना हृदय थांबलं तर त्याचा काही संबंध नाही. आणि जुलै 2024 मध्ये राज्य सरकारनं वाजतगाजत आणलेली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना पाहा: वय 60 च्या पुढे, माणशी 30,000 रुपयांपर्यंत खर्च, आणि अपात्रतेच्या यादीत क्षयरोग, कुष्ठरोग यांच्या पंगतीला हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार. साठीपुढच्यांसाठी योजना काढायची आणि साठीपुढे जे होतं ते झालेलं नसावं अशी अट घालायची. एक खातं हृदयरोग्याच्या ऑपरेशनला लाखो रुपये देतं, दुसरं त्याला काशीच्या गाडीत बसू देत नाही. गाडीसोबत एक डॉक्टर पाठवला असता तर यादीच लागली नसती.

माझी मागणी मोठी नाही. परदेश प्रवासासाठी एक प्रमाणित पॉलिसी असावी, प्रत्येक कंपनीला ती विकायला लावावी, आणि सांगितलेला जुना आजार अचानक बळावला तर त्याचा खर्च पोटमर्यादा न लावता तिच्यात धरावा. हप्ता जास्त घ्या. वयाप्रमाणे घ्या, साखरेच्या आकड्याप्रमाणे घ्या, पण आकडा आधी सांगा. तपासणी करायची तर विकण्याआधी करा. आणि पॉलिसीचा सारांश मराठीत द्या. ग्राहकानं मागितला तर स्थानिक भाषेत माहितीपत्रक द्यायचं, हे आरोग्य विम्याच्या बाबतीत नियामकानं सांगूनच ठेवलंय. मी मागितलं, तेव्हा पलीकडच्या मुलीनं आधी मराठी म्हणजे कोणतं राज्य ते विचारलं.

तोवर ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी: सगळे आजार, सगळ्या गोळ्या मिलिग्रॅमसकट लिहा, कोलेस्टेरॉलची सुद्धा. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या पॉलिसींत जुना आजार अचानक उसळण्याचं कलम असतं. लेकरांना ते शेवटपर्यंत वाचायला लावा, कारण वयाची अट बारीक अक्षरात असते. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तरी दाद मिळाली नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. हिंगोली जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते आणि 50 लाखांपर्यंतचा निवाडा तिथे मिळतो. तिथे कामी येणारा कागद म्हणजे तुम्ही भरलेल्या फॉर्मची प्रत. ती फुकट द्यायची असा नियम आहे आणि बहुतेक एजंट ती देत नाहीत. प्रत हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.